पुन्हा पाण्यात उतरण्याआधी

लहानपणी पाठीला डबा बांधून मामाच्या विहिरीत पोहायला शिकले, पुढे पुण्यात टिळक टँकवर हात सुधारला. मग मधली वीस वर्षं गेली. परत उतरले तेव्हा हात-पाय आपोआप चालू लागले, दम मात्र पंधरा मीटरलाच संपला. म्हणून चाळिशीच्या आसपास वजन उतरवायला पुन्हा पोहायचं ठरवलं असेल, तर आधी दमाची तयारी करा. खरेदी मागाहून होते.

प्रवेश घेताना टँकवर डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागतात. ओळखीच्या डॉक्टरांकडून नुसती सही घेऊन येऊ नका. रक्तदाब आणि शुगर खरोखर तपासून घ्या, चालू गोळ्या दाखवा. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहिलं की पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावरचं काम वाढतं, त्यामुळे हे विचारायलाच हवं. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर कानाच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय डोकं पाण्याखाली नको. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र धीर धरावा. छातीभर पाण्यात पायांवर शरीराचा जेमतेम एक तृतीयांश भार उरतो. कर्वे रोडवर भरभर चालताना जे गुडघे कुरकुरतात, ते इथे गप्प असतात.

टँक घराजवळचाच निवडा. सकाळी सहाच्या बॅचसाठी अर्धा तास गाडी चालवायची असेल तर तिसऱ्या आठवड्यात खाडे सुरू होतात. लांबीही विचारून घ्या. बालेवाडीच्या क्रीडासंकुलातला ५० मीटरचा तलाव देखणा आहे, पण दम नसताना पलीकडचा कठडा फार लांब वाटतो. सुरुवातीला २५ मीटर बरा. एप्रिल-मेमध्ये सुट्टीतल्या मुलांची गर्दी असते, डिसेंबर-जानेवारीत उघड्या टँकचं पाणी अंगाला चावतं. माझ्या मते जूनमध्ये शाळा उघडल्या की सुरुवात करावी. विजा चमकायला लागल्या तर मात्र लगेच बाहेर या.

प्रवेश पक्का होईपर्यंत घरी एक गोष्ट रोज करा. बादलीत कोमट पाणी घ्या, तोंडाने श्वास घ्या, चेहरा बुडवा आणि नाकातून हळूहळू बुडबुडे सोडत राहा. पूर्ण हवा गेली की चेहरा बाजूला वळवून पुन्हा श्वास. असं वीसदा. बहुतेक मोठी माणसं पाण्यात श्वास कोंडून ठेवतात आणि डोकं वर काढल्यावर सोडणं-घेणं दोन्ही एकदम करू पाहतात. तेवढ्या क्षणात ते जमत नाही, म्हणून धाप लागते. मी आठ दिवस बादलीवर घालवले आणि नंतरच्या पहिल्याच २५ मीटरला फरक कळला.

सामान थोडकंच लागतं. कॉश्च्यूम नायलॉनचा, मांडीपर्यंतचा चालतो, सुती कपडे कोणी आत सोडत नाही. गॉगल घेताना पट्टा न लावता डोळ्यांवर हलकेच दाबा आणि हात सोडा. क्षणभर तसाच चिकटून राहिला तर तुमच्या चेहऱ्याला बसतो, लगेच पडला तर पाणी आत येणार. चष्मा असेल तर नंबरचा गॉगल मिळतो. टोपी सिलिकॉनची घ्या. उतरण्याआधी शॉवरखाली केस साध्या पाण्याने भिजवा. भिजलेले केस क्लोरीनचं पाणी कमी शोषतात. शिवाय अंगाचा घाम पाण्यात गेला की तो क्लोरीनशी मिसळतो आणि त्यातून डोळे चुरचुरतात, वास येतो. डोक्याला तेल लावून येऊ नका. कॉश्च्यूम घरी साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा.

आता खाण्याचा डबा, कारण वजनाचा खरा निकाल तिथे लागतो. सत्तर किलोच्या माणसाचे अर्धा तास मध्यम वेगाने पोहून साधारण दोनशे कॅलरी खर्च होतात, आणि एका वडापावाने ते भरून निघतं. गार पाण्यातून बाहेर आल्यावर भूकही जोरात लागते. परतीच्या वाटेवर मिसळीचा वास येतो तेव्हा निश्चय पुरत नाही, हातात काहीतरी असावं लागतं. मी रात्रीच मोड आलेले मूग वाफवून ठेवते, सोबत एक केळं. पोहण्याआधी पोटभर खाऊ नका, फार तर अर्धं केळं. पाणीही न्या, पोहतानाही घाम येतो. वजनकाट्यावर रोज चढण्याऐवजी कमरेचं माप पंधरा दिवसांनी टेपने घेऊन लिहून ठेवा.

पहिल्या दिवशी जीवरक्षकाला सांगा, ‘खूप वर्षांनी उतरतेय.’ कडेची लेन घ्या आणि उथळ बाजूने शिडीवरून उतरा, सूर मारू नका. २५ मीटर जा, कठड्याला थांबा, दहा श्वास मोजा, परत या. असे २५ मीटरचे आठ टप्पे झाले की दोनशे मीटर होतात. शेजारच्या लेनमधला शाळकरी मुलगा तेवढ्यात पाचशे करेल, करू द्या. आठाला थांबा आणि वर या.