मेमसेट लिहिलं होतं, तरी किल्ली मेमरीतच

आमच्या टीएलएस लायब्ररीचा (नेटवर्कवरचा संवाद कूटबद्ध करणारी लायब्ररी) जुना सी कोड साफ करताना, काम झालेल्या गुप्त किल्ल्या मेमरीतून पुसण्याचा भाग मी शेवटी ठेवला होता. प्रत्येक फंक्शनच्या तळाशी मेमसेट (मेमरीत शून्य भरायला वापरलेलं फंक्शन) दिसत होतं, म्हणून काळजी नव्हती.

तरी खात्रीसाठी चाचणीत मास्टर सीक्रेट (ज्यातून बाकीच्या किल्ल्या बनतात) मुद्दाम ओळखू येईल असं ठेवलं: ४८ बाइट, सगळ्यांचं हेक्स मूल्य ए-५. हँडशेक (जोडणीची सुरुवातीची बोलणी) संपल्यावर कोअर डंप, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीची प्रत, घेऊन त्यात शोधलं. डीबग बिल्डमध्ये काही नाही. ओ-२, म्हणजे कंपायलरने वेगासाठी सुधारलेल्या, बिल्डमध्ये मात्र ४८ च्या ४८ बाइट जसेच्या तसे! पोटात गोळा आला.

ऑब्जडंप या टूलने तयार झालेल्या प्रोग्रामची असेंब्ली पाहिली, तर मेमसेटचा कॉलच गायब. कंपायलरचं चुकलेलं नाही. तो बफर पुढे कोणी वाचतच नाही, म्हणून ते शून्य भरणं त्याने निरुपयोगी समजून काढून टाकलं.

सगळीकडे एक्स्प्लिसिट-बीझिरो घातलं; हे पुसणं कंपायलर काढून टाकत नाही. ते जीलिबसीमध्ये (लिनक्सवरची सी लायब्ररी) २.२५ पासून आहे. त्याहून जुन्या मशीनसाठी व्होलटाइल फंक्शन पॉइंटरमधून मेमसेट बोलावलं, म्हणजे कोणतं फंक्शन चालणार हे कंपायलर गृहीत धरू शकत नाही.

पुन्हा डंप घेतला, तर एक प्रत अजून शिल्लक. ही शोधायला दोन दिवस गेले. बफर वाढवताना रीअलॉक (घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणारं फंक्शन) सगळं नव्या जागी नेऊ शकतं आणि तेव्हा जुनी जागा न पुसताच सोडून देतं. तिथे आता नवीन मॅलॉक (नवी जागा घेणं), कॉपी, जुनं पुसणं, मग फ्री (जुनी जागा सोडणं), असा क्रम आहे.

डंप तपासणारी ती चाचणी आता प्रत्येक ओ-२ बिल्डनंतर चालते.