ऑक्टोपस डोळे मिटून सापडला पाहिजे: स्कुबातल्या बॅकअप हवेची प्रॅक्टिस

आपल्या सांगलीकडं पोरगं विहिरीत पाठीला डबा बांधून सोडलं की पोहायला शिकतंच, आणि आयर्विन पुलाखाली कृष्णेत हात मारलेला माणूस मालवणला डाईव्हिंगला गेला की त्याला वाटतं पाण्याची कसली भीती. मलाही तसंच वाटायचं. पण नदीत आपण दम धरून बुडी मारतो आणि स्कुबात दम धरणं हीच सगळ्यात वाईट चूक, ती सवय मोडायलाच मला बरेच डाईव्ह लागले.

दुसरी गोष्ट कळली तारकर्लीला. मावसभाऊ आणि मी सहा मीटरवर होतो, प्रॅक्टिस म्हणून मी गळ्यावरनं आडवा हात फिरवला, म्हणजे हवा संपली अशी खूण, आणि त्यानं मला ऑक्टोपस द्यायचा (तोंडात धरून सिलिंडरमधली हवा घ्यायची ती वस्तू म्हणजे रेग्युलेटर, आणि जवळचा जास्तीचा रेग्युलेटर म्हणजे ऑक्टोपस), तर तो छाती चाचपतच राहिला कारण ऑक्टोपस होल्डरमधनं निसटून मागं सिलिंडरजवळ लोंबत होता. माझा रेग्युलेटर माझ्या तोंडात होता म्हणून ठीक. खरंच हवा संपली असती तर तेवढ्या वेळात मी काय केलं असतं हा विचार अजून जात नाही, म्हणून हे लिहितोय.

ऑक्टोपस बहुतेक पिवळा असतो, नळीही लांब, दुसऱ्याला देता यावा म्हणून. त्याची जागा हनुवटी ते खालची बरगडी यामधल्या त्रिकोणात, समोर दिसेल अशी. होल्डर असा पाहिजे की एका हिसक्यात सुटला पाहिजे पण आपोआप गळता कामा नये, आणि दोरीनं गाठ मारून तर कधीच बांधू नका. पाण्यात उतरायच्या आधी दोन्ही रेग्युलेटरमधनं तीन-चार श्वास घ्या आणि घेताना गेजकडं, म्हणजे सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या घड्याळाकडं बघा, काटा श्वासागणिक खालीवर हलत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. बडीचा, म्हणजे जोडीदाराचा, ऑक्टोपस कुठं आहे तेही त्याच वेळी हात लावून बघा, नुसतं बघून नाही.

आता प्रॅक्टिस. सुरुवात घरातच करा, कीट लागत नाही. शर्टला छातीवर उजव्या बाजूला पिवळं फडकं पिनेनं लावा, डोळे मिटा, उजव्या हातानं काढून समोरच्याला द्या. दोघांनी एकमेकांचा उजवा हात कोपराखाली घट्ट धरायचा, डावा हात डाईव्हिंगच्या हवा भरायच्या जॅकेटची हवा सोडायची नळी असते तिथं, मग ओके, मग अंगठा वर म्हणजे वर जाऊया. क्रम असाच: खूण, हवा, पकड, ओके, वर. बायको हसेल, हसू दे, वीस-पंचवीस वेळा करा.

मग स्विमिंग पूलमध्ये, इन्स्ट्रक्टर शेजारी असतानाच. स्वतःचं स्वतः सिलिंडर घेऊन विहिरीत उतरायचं डोक्यातसुद्धा आणू नका, दीड-दोन मीटरवरनं दम धरून वर आलं तरी फुप्फुस फाटू शकतं. रेग्युलेटर तोंडातनं काढला की ओठातनं बारीक बुडबुडे सोडत राहायचे, सगळा वेळ. ऑक्टोपस तोंडात घेतल्यावर आधी जोरात फुंकर मारून आतलं पाणी काढा, फुंकायला दमच उरला नसेल तर जीभ आडवी लावून पर्ज बटण, म्हणजे हवेच्या झोतानं पाणी बाहेर काढणारं बटण, दाबा, आणि पहिला श्वास हळू घ्या. इथं एक गोष्ट हमखास चुकते: घाईत ऑक्टोपस उलटा धरला जातो, मग बुडबुडे जायची बाजू वर येते आणि श्वासाबरोबर पाणी आत येतं. देणाऱ्यानंच तो सरळ, तोंडाकडची बाजू समोरच्याकडं करून द्यायचा.

पूलमध्ये जमलं की समुद्रात पाच-सहा मीटरवर, वाळूच्या तळावर. नुसतं घेतलं-दिलं करून थांबू नका, दोन मिनिटं एकाच सिलिंडरवर श्वास घ्या, थोडं पोहा, मग दोघं मिळून वर या. मिनिटाला 9 मीटर, म्हणजे सेकंदाला वीतभरसुद्धा नाही, इतकं हळू वाटतं की घाबरलेला माणूस ओढतच वर न्यायला बघतो.

हिशोब एकदा करून ठेवा. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये गेजवर 50 बार (बार म्हणजे दाबाचं माप) उरले म्हणजे 600 लिटर हवा. शांत माणूस वर मिनिटाला साधारण 20 लिटर घेतो, 20 मीटरवर दाब तिप्पट म्हणून 60, दोघांचे 120, म्हणजे तळाशी पाच मिनिटं, आणि घाबरलेला माणूस तर दुप्पट ओढतो. म्हणून गेज 50 वर यायची वाट बघत खाली रेंगाळू नका.

काहीजण वेगळी छोटी बाटली, पोनी बाटली नेतात. 3 लिटरची 200 बारला भरलेली असेल तर तीही 600 लिटरच. चांगली गोष्ट आहे पण तिचा रेग्युलेटर ठळक वेगळा दिसू दे, टेप लावा, नाहीतर सुरुवातीपासनं चुकून त्यातनंच श्वास घेतला जातो. हातात मावणाऱ्या अर्ध्या लिटरच्या बाटलीवर मात्र माझा भरवसा नाही, 100 लिटरमध्ये 10 मीटरवर अडीच मिनिटं, तीही शांत असाल तर.

आणि प्रॅक्टिस झाली की त्याच संध्याकाळी गाडी काढून गगनबावड्याचा घाट चढू नका. सांगलीच समुद्रापासनं साडेपाचशे मीटर वर, घाट त्याहून उंच, अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात उंचावर जाऊन हवेचा दाब कमी झाला की अंगातच त्याचे बुडबुडे होऊ शकतात. डाईव्हनंतर विमानासाठी 12 ते 18 तास थांबायला सांगतात तीच काळजी घाटालाही घ्या. रात्र मालवणातच काढा. आम्ही दोघं मुक्कामी राहतो, जेवण झालं की गच्चीवर डोळे मिटून पुन्हा एकदा तेच: खूण, हवा, पकड, ओके, वर.