मिरगाआधी जुन्या फोर-बाय-फोर पिकअपची तयारी

आमच्याकडे मे महिना आला की घरोघर आगोटीची गडबड सुरू होते. लाकडं आत घ्यायची, सुकी मासळी भरून ठेवायची, मसाला कुटून आणायचा, पेंढा झाकायचा. गेली काही वर्षं या बेगमीत मी गाडीही धरतो. राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची आंब्याच्या कलमांची बाग आहे. डांबरी रस्ता सोडल्यावर तिथवर जांभ्याची चढणीची वाट आहे आणि मध्ये एक पऱ्या (ओढा) लागतो. पावसाळ्यात खत, मजूर आणि चिरे (जांभ्याचे ठोकळे) तिथे पोचवायला माझ्याकडे एक जुनी टाटा झेनॉन पिकअप आहे, फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी. नवी गाडी घेण्याची ऐपत नाही आणि हिच्यावर जीव आहे. म्हणून दरवर्षी हातात जेवढे पैसे असतील तेवढ्यात तिला मिरगाच्या आधी उभी करायची असते. मोठा खर्च टायरांचा, तो काही वर्षांनी एकदाच येतो, यंदा आला. खर्चाचा क्रम मी अनुभवाने ठरवला आहे: आधी गंज, मग टायर, आणि पैसे उरले तर बाकीचं.

काम मेच्या पहिल्या आठवड्यात काढा. आंब्याच्या पेट्या संपायची वाट पाहिलीत तर गॅरेजात रांग लागलेली असते, आणि हवा दमट झाली की रंग नीट सुकत नाही.

पहिलं काम फुकटचं आहे. गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्या, एक छोटी हातोडी घ्या आणि चेसिस पुढून मागे ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, आतून खाल्लेला बद्द आवाज देतो. मागच्या पाट्यांची (स्प्रिंगच्या पट्ट्यांची) शॅकल, म्हणजे झुलती कडी, जिथे चेसिसला लागते ती जागा, हौद्याखालचे आडवे पत्रे आणि चेसिसच्या आतल्या कोपऱ्यांत साठलेला चिखल, इथे हमखास गंज सापडतो. ज्या गाडीने कधी मासळी वाहिली असेल तिचा हौदा तर जास्तच काळजीने बघा. बर्फाचं खारं पाणी गळत गळत सांध्यांत जातं आणि वर्षानुवर्षं तिथेच काम करत राहतं. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवरून बोट फिरवा. नळी खडबडीत लागली, पापुद्रे निघाले, तर ती बदलायचीच. घाटात भरलेली गाडी उतरवताना ती फुटली तर पुढचं सांगायला नको.

गंज सापडला की त्यावर थेट काळं डांबरी कोटिंग मारून घेऊ नका. स्वस्तात आणि एका दिवसात होतं म्हणून बरेच जण तेच करतात. पण खालचा गंज तसाच राहतो, कोटिंगच्या आड ओल धरतो आणि आतून पत्रा खात जातो. वायर ब्रशने घासायचं, गंज मारणारं रसायन लावायचं, ते सुकलं की झिंक प्रायमर आणि मग रंग. चेसिसच्या पोकळीत मेणासारखं कोटिंग फवारून घ्यायचं. पाणी निघून जायची भोकं खिळ्याने मोकळी करायची. वेल्डिंग लागणार असेल तर ते ओळखीच्या माणसाकडून आणि जाड पत्र्याने करून घ्या, त्या आधी बॅटरीची वायर काढायला विसरू नका. माझे तीन दिवस आणि थोडेच पैसे या कामात गेले. पण चेसिस गेलेल्या गाडीला नवे टायर घालणं म्हणजे वाळवी लागलेल्या घरावर नवी कौलं चढवणं.

आता टायर. माझ्या बजेटातले निम्म्याहून जास्त पैसे इथे गेले आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

आधी माप बघा. ते दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आणि गाडीच्या पुस्तकात असतं. माझ्या गाडीचं २३५/७० आर १६. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकाने मला २४५/७५ आर १६ घालायचा सल्ला दिला, गाडी भारदस्त दिसेल म्हणून. घरी येऊन मी हिशेब मांडला. मूळ टायरचा व्यास साधारण ७३५ मिलिमीटर भरतो, त्याने सुचवलेल्याचा ७७४. म्हणजे पाच टक्क्यांनी मोठा. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ ने पळत असेल. ते एक वेळ चालेल, पण गिअर तेवढेच लांब होतात. अणुस्कुरा घाट भरल्या गाडीने चढताना जुन्या इंजिनाचा दम निघेल आणि क्लच जळेल. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासण्याची भीती. व्यासात दोनेक टक्क्यांपलीकडे जाऊ नका. मी मूळ मापच ठेवलं.

रुंद टायरचा मोह तर आपल्या मातीत अजिबात धरू नये. कोकणातला चिखल बहुतेक ठिकाणी खोल नसतो, वर तांबडी माती आणि वीतभर खाली जांभा. अरुंद टायर माती कापून खालच्या कातळाला टेकतो आणि पकड घेतो. रुंद टायर वरच्या वर तरंगतो आणि फिरत राहतो.

नक्षीबद्दल लोकांची मतं फार ठाम असतात. मोठमोठ्या ठोकळ्यांचे मड टायर दिसायला रुबाबदार, खोल चिखलात कामाचे, पण माझी गाडी दहातले आठ किलोमीटर ओल्या डांबरावर असते. तिथे मड टायरचं थोडंच रबर रस्त्याला लागतं, ब्रेक लागायला अंतर जास्त जातं आणि डिझेलही जास्त. निव्वळ हायवेचे टायर बागेच्या वाटेवर पहिल्याच सरीनंतर हात टेकतात. म्हणून मधला, ऑल-टेरेन प्रकारच बघा. एमआरएफ वाँडरर, अपोलो ॲप्टेरा, सीएट झार, जेके रेंजर, योकोहामा जिओलँडर ही नावं दुकानात सहज ऐकू येतील. मात्र एकाच नावाखाली हायवेची आणि ऑल-टेरेनची अशी दोन्ही नक्षी असू शकते. नावावर न जाता टायर हातात घेऊन बघा. ठोकळ्यांमधल्या खाचा कडेपर्यंत उघड्या आहेत ना, खांद्यावर जाड रबर आहे ना आणि बाजूची भिंत बोटाने दाबल्यावर ताठ लागते ना. जांभ्याच्या धारेने टायर खालून क्वचितच फाटतो, तो बाजूने चिरतो. आणि बाजूची चीर पंक्चरवाला जोडू शकत नाही, तो टायर गेलाच.

मापापुढचा आकडा बरेच जण वाचतच नाहीत. १०५ एस, १०९ टी असं काहीतरी लिहिलेलं असतं. अक्षर वेगाचं आणि आकडा भाराचा. १०५ म्हणजे एका टायरवर ९२५ किलो, १०९ म्हणजे १०३० किलो. त्याच मापाचा हलक्या भाराचा टायर स्वस्तात मिळतो आणि दुकानदार सहज पुढे करतो. पण आपण त्यावर चिरे भरणार असतो. स्टिकरवर आहे त्याहून कमी आकडा कुठल्याही भावाने घेऊ नका.

मग तारीख. बाजूच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. १८२४ असेल तर २०२४ सालचा अठरावा आठवडा. सवलतीत मिळणारे टायर पुष्कळदा दोन-तीन वर्षं गोदामात पडलेले असतात. मी सहा महिन्यांहून जुना घेत नाही आणि पाचही टायरांवर चौकट स्वतः वाचतो. तुमच्या जुन्या टायरांचीही तारीख वाचा. खाचा शिल्लक असल्या तरी सहा-सात वर्षांत आपल्या उन्हात रबर दगड होतं, आणि असा टायर ओल्या रस्त्यावर साबणासारखा सरकतो. खाचांची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते. खाचेतल्या छोट्या उंचवट्याला रबर टेकलं की ती हद्द आली. पण कोकणच्या पावसात खोली तीन मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बदलायला मी थांबत नाही.

पाच टायर म्हटलं, चार नाही. आपल्या जुन्या पिकअपना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नसतं. फोर व्हील लावलं की पुढचा आणि मागचा आस एकमेकांना जखडले जातात. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असले तर दोन्हीकडचा घेर वेगळा, आणि तो फरक ट्रान्सफर केसला, म्हणजे दोन्ही आसांना ताकद वाटणाऱ्या पेटीला, सोसावा लागतो. म्हणूनच कोरड्या डांबरावर फोर व्हील लावायचं नसतं आणि म्हणूनच रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेली) किंवा सेकंडहँडची जोडी घालून पैसे वाचवणं इथे महागात पडतं. पाच एकदम घेणं जमतच नसेल तर चार सारखे घ्या आणि जुन्यातला बरा स्टेपनीला ठेवा, पण स्टेपनी लावून फोर व्हील चालवू नका. पाचही सारखे असतील तर दर आठ-दहा हजार किलोमीटरला स्टेपनीसकट फिरवून लावा.

स्टेपनीचं एक दुखणं सांगतो. ती हौद्याखाली साखळीला टांगलेली असते. दोन वर्षांपूर्वी आषाढात रात्री घाटात टायर फुटला आणि ती साखळी गंजून अशी बसली होती की पाऊण तास पावसात ठोकूनही खाली आली नाही. शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्याने कानस दिली. तेव्हापासून दर महिन्याला मी स्टेपनी एकदा खाली उतरवतो, साखळीला ग्रीस लावतो आणि हवा बघतो.

टायर चढवण्याआधी रिम बघा. लोखंडी डिस्कच्या, म्हणजे रिमच्याच, कडेला, टायर बसतो तिथे, गंजाचे पापुद्रे असले तर ट्युबलेस टायर रोज थोडी हवा सोडतो आणि आपण पंक्चर शोधत बसतो. घासून, रंगवून मगच टायर चढवा, व्हॉल्व्हही नवे घाला. ॲलॉयचा हट्ट सोडा. लोखंडी डिस्क वाकली तर ठोकून सरळ होते, ॲलॉयला तडा गेला की संपलं. चाक बाहेर काढणारे स्पेसर तर नकोच, बेअरिंग खातात.

हवा थंड टायरात, स्टिकरप्रमाणे. रिकामी आणि भरलेली असे दोन आकडे असतात, भार घातला की मागची वाढवायचीच. सड्याच्या वाटेला गाडी रिकामी असेल तर मी २४-२५ पीएसआयपर्यंत उतरवतो. टायर दगडाला बिलगतो आणि धक्के कमी बसतात. भरलेल्या गाडीची हवा कधीही उतरवू नका. डांबरावर येताना परत भरायची, त्यासाठी बॅटरीच्या टोकांना चिमटे लावून चालणारा छोटा कंप्रेसर घ्या. माझ्या मते जुन्या गाडीत घालण्यासारखी ही सर्वांत कामाची वस्तू आहे. आणि शेवाळलेल्या कातळावर कुठलाच टायर चालत नाही. तिथे लो गिअर, पाय हलका आणि ब्रेकला हात जोडायचा.

वाट सोडून सड्यावर गाडी घालू नका, हेही इथेच सांगतो. बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं आता सर्वांना माहीत आहेत, पण मातीखाली झाकलेली अजून किती असतील. पुळणीवर तर मी गाडी नेतच नाही. खाऱ्या पाण्याने चेसिसची वाट लागते, आणि वेळास, आंजर्ले, वेत्ये अशा किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात.

टायरांनंतर पैसे उरले तर ब्रेक आणि पाटे. लायनर, व्हील सिलिंडरची रबरं बदलून घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचंच. मागचे पाटे बसले असतील तर ते ठोकून कमान भरून घ्या, तुटका पाटा, बुश आणि सेंटर बोल्ट नवे घाला, शॉकअप साधेच पण नवे. गाडीला पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारे दांडे) असले तर ते आवळून गाडी उंच करायचा सल्ला मिळेल. करू नका, बॉल जॉइंट आणि ॲक्सलची रबरं लवकर जातात. हे सगळं झाल्यावरच अलाइनमेंट, नाहीतर ते पैसे वाया.

पऱ्या ओलांडणाऱ्यांनी स्नॉर्केलच्या (इंजिनाला उंचावरून हवा देणाऱ्या नळीच्या) आधी डिफरन्शियलचा ब्रीदर, म्हणजे आसावरच्या गिअरपेटीची हवा खेळायची तोटी, बघावा. तापलेलं हाउसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदर चिखलाने बंद असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइलचा रंग दुधाळ चहासारखा दिसला तर समजा पाणी गेलं. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती हौद्याच्या उंचीपर्यंत वर बांधून घ्या. खर्च नावाला. दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचं ऑइल पावसाळा संपला की बदला. ज्यांच्या गाडीला फोर व्हीलसाठी पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब आहेत त्यांनी ते आत्ता फिरवून बघा, चिखलात अडकल्यावर नाही. फोर व्हीलचं बटण असलं तरी महिन्यातून एकदा ओल्या मातीवर लावून थोडं चालवा.

दिव्यांना रिले (बॅटरीतून थेट वीज देणारा स्विच) घालून घ्या, वायपर नवे, पुरे. डोळे दिपवणाऱ्या एलईडी पट्ट्या आणि पुढचं लोखंडी गार्ड यावर पैसे घालवू नका. गार्डवर डिसेंबर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, आणि आरटीओच्या फिटनेस तपासणीला ते उतरवावंच लागतं. गाडी मालवाहू पासिंगची आणि आठ वर्षांपुढची असेल तर फिटनेस दरवर्षी येतो.

हौद्यात ठेवायच्या वस्तू: चिखलात जॅक रुतू नये म्हणून आईनाच्या लाकडाची फळी, चार गोणपाटं, फावडं, पडलेलं झाड तोडायला कोयता, पंक्चर किट, चेसिसच्या हुकाला लागणारा ओढायचा जाड पट्टा आणि तो अडकवायला दोन डी-शॅकल (लोखंडी कड्या). पट्टा बंपरला कधी बांधू नका.

सगळं झालं की गाडीत निम्मा भार घाला आणि पाऊस यायच्या आत ओळखीच्या घाटातून एक फेरी मारा. शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा, हवा बघा, आणि टायरांच्या बिलावर पाचही टायरांचे नंबर लिहिले आहेत ना ते तपासून बिल प्लास्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.