बेसबॉलमधला सेव्ह कसा ओळखावा आणि सेव्हचे आकडे कसे वाचावेत

सेव्ह म्हणजे टीमची आघाडी शेवटपर्यंत टिकवून मॅच संपवणाऱ्या पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) नावावर होणारी नोंद. मारियानो रिव्हेराचे 652 सेव्ह, ट्रेव्हर हॉफमनचे 601, ली स्मिथचे 478. ही यादी पाठ असलेले पुष्कळ भेटतात, पण समोरच्या मॅचमध्ये शेवटच्या पिचरला सेव्ह मिळणार का, असं विचारलं की तेच चाचरतात. त्यांना कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, 'तीन रनांची आघाडी असली की सेव्ह.' हा सल्ला अर्धवट आहे. स्कोअरबुक घेऊन बसणार असाल तर तो आधी डोक्यातून काढा.

सुरुवातीच्या अटी सोप्या आहेत: टीम जिंकलेली हवी, शेवटचा पिचर तोच हवा, विजय दुसऱ्या पिचरच्या नावावर हवा आणि याने निदान एक आउट मिळवलेला हवा.

पुढे तीन वाटा, त्यातली एक पुरते. पहिली म्हणजे तीन किंवा कमी रनांच्या आघाडीवर येऊन किमान एक पूर्ण इनिंग (म्हणजे समोरच्या टीमचे तीन आउट होईपर्यंत) टाकायची. दुसरी, किमान तीन इनिंग टाकायच्या. मग आघाडी कितीही चालते. 22 ऑगस्ट 2007 ला टेक्सास रेंजर्सनी बॉल्टिमोर ओरिओल्सना 30-3 असं धुतलं आणि शेवटच्या तीन इनिंग टाकणाऱ्या वेस लिटलटनला रीतसर सेव्ह मिळाला. त्याने त्यात नेमकं काय वाचवलं, हे मला विचारू नका.

तिसऱ्या वाटेवर सगळे अडकतात. पूर्वी मीही हमखास इथेच अडायचो. नियम असा: पिचर आला तेव्हा बरोबरी साधून देऊ शकणारा खेळाडू बेसवर (रनसाठी गाठायच्या टप्प्यावर), बॅटिंगला किंवा ऑन-डेक, म्हणजे बॅटिंगच्या पुढच्या पाळीसाठी थांबलेला हवा. पाठ करू नका, हिशेब करा. बेसवरचे रनर मोजा, त्यात दोन मिळवा: एक बॅटिंगवाला, एक ऑन-डेक. हा आकडा आघाडीइतका किंवा जास्त असेल तर सेव्हची संधी आहे. बेस रिकामे असतील तर दोन रनांपर्यंत, एक रनर असेल तर तीन, दोन असतील तर चार आणि बेस भरलेले असतील तर थेट पाच रनांची आघाडीसुद्धा चालते. शिवाय इथे पूर्ण इनिंगची सक्ती नाही. चार रनांची आघाडी, दोन रनर, दोन आउट, एकच बॉल टाकला आणि पोरगा झेल देऊन गेला, तरी सेव्ह पक्का.

आता ताकीद. हिशेब पिचर माउंडवर आला त्या क्षणाचा, आणि तो तेव्हाच पेन्सिलीने लिहून ठेवायचा. मॅच संपल्यावर आठवून लिहिणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. नवव्या इनिंगला चार रनांची आघाडी आणि रिकामे बेस असताना आलेल्या पिचरने स्वतःच दोघांना बेसवर जाऊ दिलं आणि मग धापा टाकत मॅच काढली, तर त्याला सेव्ह नाही. स्वतः लावलेली आग विझवल्याचं बक्षीस मिळत नाही. उलट तीन रनांच्या आघाडीवर आठव्या इनिंगला आलेल्याच्या टीमने नंतर आणखी पाच रन काढले, तरी शेवटपर्यंत टिकल्यास त्याचा सेव्ह शाबूत.

एवढं जमलं की करिअरची यादी वाचायला घ्या, पण युगं एकमेकांत कालवू नका. सेव्ह अधिकृत झाला 1969 मध्ये. रिच 'गूस' गॉसेजने 1975 मध्ये 26 सेव्ह केले, पण त्या मोसमात त्याने 141 हून जास्त इनिंग टाकल्या. रिव्हेराचे 2004 चे 53 सेव्ह 80 हूनही कमी इनिंगमधले. त्यामुळे गॉसेजचे 310 किंवा रॉली फिंगर्सचे 341 बघून नाक मुरडणाऱ्याला मी स्कोअरबुकच्या जवळ फिरकू देत नाही. फ्रान्सिस्को रॉड्रिगेझचे 2008 मधले 62 हा एका मोसमाचा विक्रम आहे, पण मला त्याहून भारी वाटतो तो एरिक गान्ये: 2002 ते 2004 मध्ये सलग 84 संधी, एकही वाया नाही.

किती संधी मिळाल्या ते शेजारी लिहाच. रिव्हेराचे 652 हे 732 संधींमधले, म्हणजे 89 टक्के. मात्र ही टक्केवारी क्लोजरलाच, म्हणजे मॅच संपवायला ठेवलेल्या पिचरलाच लावा. सातव्या-आठव्या इनिंगला येणाऱ्याने आघाडी घालवली तर संधी हुकल्याची नोंद त्याच्याही नावावर होते, पण मॅच संपवायला त्याला क्वचितच ठेवतात.