बदकाच्या पोटात काय आहे?

पावसाळ्यात ऐरोलीतल्या आमच्या घरात डब्यातले पापडसुद्धा सादळतात, तिथे आंघोळीच्या खेळण्यांची काय कथा! लेकीचं पिवळं रबरी बदक बाहेरून लख्ख होतं. सहज दाबलं, तर तळाच्या भोकातून पाण्याबरोबर काळे तुकडे बाहेर. बुरशी! आत ब्रश पोचत नाही, म्हणून असं खेळणं सरळ टाकावं. नवीन घेताना भोक नसलेलंच घ्या. पिचकारी उडत नाही म्हणून पोर दोन दिवस रुसेल, तेवढंच.

बाकी प्लास्टिकची खेळणी कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुवा, खाचांतून जुना टूथब्रश फिरवा आणि दोनदा खळबळून घ्या. बाळ ती तोंडात घालणारच. ब्लीच आणि व्हिनेगर मात्र कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. लाकडी खेळणी भिजवू नका, फुगतात. घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसली की झालं.

सेलवरची खेळणी सेल काढून पुसा आणि झाकणाचा स्क्रू परत घट्ट लावा. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला, तर 2 तासांत आतून भाजू शकतं. अशा वेळी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

अस्वल, ससे वगैरे मंडळी उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून मशीनला लावा. ऊन नसेल तर पंख्याखाली वाळवा. आमचा ससा वरून कोरडा वाटला, पोट दाबलं तर ओलं. आणखी एक दिवस दोरीवर लटकला बिचारा, कानाला चिमटे लावून.