टॅक्सवाल्यांच्या ईमेल ग्रुपवर नीट वागायचं कसं

आमचा टॅक्सवाल्यांचा एक ईमेल ग्रुप आहे, त्यात सीए आहेत, टॅक्स प्रॅक्टिशनर आहेत, आर्टिकलशिप करणारी, म्हणजे सीएंच्या हाताखाली काम शिकणारी पोरं आहेत. व्हॉट्सॅप आलं तेव्हा सगळे म्हणाले आता मेल कोण बघतंय, पण तीन वर्षांपूर्वीचा एखादा प्रश्न शोधायचा असला की व्हॉट्सॅपवर गुड मॉर्निंगची फुलंच सापडतात आणि मग परत मेलकडेच यावं लागतं. तर नवीन आलेल्यांसाठी लिहितोय, जुन्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

जॉइन झाल्या झाल्या प्रश्न टाकू नका, आधी थोडं वाचा. 1995 मध्ये इंटरनेटवर कसं वागावं याचे नियम आरएफसी 1855 नावाने लिहिले गेले, त्यात चक्क म्हटलंय की काही टाकायच्या आधी एक-दोन महिने नुसतं वाचा. आता 20 तारखेला 3बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचं असताना एवढा वेळ कुणाला आहे, मान्य, पण सर्चमध्ये दोन शब्द टाकून बघायला किती लागतो? तुमचा प्रश्न बहुतेक वेळा कुणीतरी विचारून झालेला असतो.

मग सब्जेक्ट. "अर्जंट", "हेल्प", "क्वेरी" आणि माझा सगळ्यात लाडका म्हणजे "सर प्लीज", असले सब्जेक्ट असतील तर ज्याला उत्तर येतं तो मेल उघडतच नाही. "2बी मध्ये सप्लायरचं बिल दिसत नाही, मे 2025" एवढं लिहा, झालं. (2बी म्हणजे सप्लायरांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला आपोआप बनणारी यादी.)

प्रश्न लिहिताना कंजूषपणा नको. "बिल दिसत नाहीये, काय करू" असं आलं की पाच जण पाच उलटे प्रश्न विचारतात आणि दिवस त्यातच जातो. महिन्याला रिटर्न भरणाऱ्या सप्लायरने जीएसटीआर-1, म्हणजे त्याच्या विक्रीचं रिटर्न, नेहमीच्या 11 तारखेनंतर, समजा 13 ला भरलं, तर ते बिल पुढच्या महिन्याच्या 2बी मध्ये जातं, पण तोच सप्लायर तिमाहीवाला असेल तर त्याच्यासाठी 13 पर्यंत चालतं. म्हणजे सप्लायर कुठल्या प्रकारचा आणि त्याने कधी भरलं हे तुम्ही सांगितलं नाहीत तर उत्तर देणारा नुसता अंदाज मारणार. महिना लिहा, पोर्टलवर नेमकं काय दिसतंय ते लिहा, तुम्ही काय काय करून बघितलं ते लिहा. आधी नमस्कार, शेवटी नाव आणि गाव. मधला "आपण सर्व गुरुतुल्य आहात" वगैरे परिच्छेद गाळला तरी कुणी रागावत नाही.

आता क्लायंटची माहिती, इथे मात्र खरंच जपा. स्क्रीनशॉटमध्ये पॅनवर काळी पट्टी मारतात आणि खाली जीएसटी नंबर तसाच ठेवतात! अहो त्या 15 अक्षरांत पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र 27, गोवा 30, आणि पुढची 10 अक्षरं म्हणजे सरळ सरळ पॅन. व्यक्तीचा पॅन असेल तर त्याचं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं, म्हणजे छोट्या गावात तर ओळखायला तेवढंही पुरे. फाइलचं नावही बघा, आतलं सगळं खोडून फाइलला पार्टीचं नाव दिलेलं मी कितीदा पाहिलंय. सीएंना तर 1949 च्या सीए कायद्यातच क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर सांगायला मनाई आहे, आणि दोनशे जणांचा ग्रुप म्हणजे बाहेरच झालं की.

रिप्लाय ऑल दाबायच्या आधी एक श्वास घ्या. उत्तर सगळ्यांच्या कामाचं असेल तर सगळ्यांना, "थँक्यू सर" आणि "अभिनंदन मॅडम" त्या एकालाच. जुन्या मेलची शेपूट कापून हव्या त्या दोन ओळी ठेवा. आणि ग्रुप सोडायचा असेल तर "मला काढा" असा मेल ग्रुपवर टाकू नका, ग्रुपच्या मेलच्या तळाशी बहुतेक वेळा अनसबस्क्राइबची लिंक असते. 1997 मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये बेडलॅम डीएल3 नावाच्या यादीवर हेच झालं, एकाने विचारलं मी या यादीत कसा, मला काढा, मग बाकीचे "मलाही", मग "अरे रिप्लाय ऑल करू नका" असं सांगणारेसुद्धा रिप्लाय ऑलच करत बसले आणि दीड कोटीच्या आसपास मेल फिरून त्यांच्याच कंपनीची मेल यंत्रणा आडवी झाली. म्हणजे हुशार माणसंही करतात, आपण काय.

एखाद्या सिनियरचं उत्तर चुकलंय असं वाटलं तर? गप्प बसू नका, कारण ते वाचून कुणीतरी रिटर्न भरणार आहे. फक्त "चूक" हा शब्द न वापरता कलम नाहीतर नोटिफिकेशनचा नंबर द्या, "सर, यात असं दिसतंय, मी नीट वाचलंय का?" एवढं पुरतं. आकडा किंवा तारीख चुकली असेल तर ग्रुपवरच सांगा, स्पेलिंग चुकलं असेल तर सोडून द्या. राग आला असेल तर मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवा आणि जेवून या, कारण जीमेलचा अनडू जास्तीत जास्त 30 सेकंदच चालतो.

बारीकसारीक: जीमेलवर अटॅचमेंट 25 एमबीपर्यंतच जाते, मोठं असेल तर लिंक द्या. सुट्टीचा ऑटो रिप्लाय लावताना ग्रुपला जाणार नाही ना ते बघा, गणपतीत कोण कोकणात गेलंय ते अख्ख्या ग्रुपला कळायची गरज नाही.

आणि शेवटचं काम जे जवळपास कुणीच करत नाही. प्रश्न सुटला की त्याच थ्रेडवर कसा सुटला ते दोन ओळीत लिहा. मागच्या महिन्यात टीडीएसचं एक त्रांगडं निघालं, 26एएस (कापलेल्या टॅक्सचा तक्ता) मध्ये रक्कम वेगळी आणि एआयएस (इन्कम टॅक्सकडचं वर्षभराच्या व्यवहारांचं पत्रक) मध्ये वेगळी, ग्रुपमध्ये शोधलं तर अगदी हाच प्रश्न आधीच विचारलेला सापडला, इतका आनंद झाला की विचारू नका. खाली स्क्रोल केलं, शेवटचा मेल होता "मिळालं उत्तर, थँक्स ऑल". नाव बघितलं तर माझंच.