रत्नागिरीत घरासाठी भाग निवडताना या चुका टाळा

रत्नागिरीत घर पाहायला येणारी बहुतेक कुटुंबे दिवाळीच्या सुट्टीत किंवा जानेवारी-फेब्रुवारीत येतात. त्या दिवसांत हवा कोरडी असते, विहिरींना पाणी असते, आणि मांडवीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी थोडा वेळ घालवला की शहराचा कोणताही भाग राहण्याजोगा वाटू लागतो. या शहराचे खरे रूप मात्र जुलैत आणि मे महिन्यात दिसते. जुलैत पाणी कुठे तुंबते आणि पाऊस कोणत्या भिंतीवर आपटतो ते कळते, तर मे महिन्यात नळ कुठे कोरडे पडतात ते कळते. किमतीवर आणि चटईक्षेत्रावर तासन्‌तास घासाघीस करणारी माणसे हे दोन प्रश्न विचारायचे विसरतात, आणि पुढची अनेक वर्षे त्यांची किंमत मोजतात.

समुद्र दिसतो, एवढ्यावर निर्णय घेणे

खिडकीतून समुद्र दिसणे ही सोय नव्हे, ती जबाबदारी आहे, हे मान्य करूनच किनाऱ्यालगतचे घर पाहावे. मिऱ्याच्या किनाऱ्याची धूप कित्येक वर्षे चालू आहे आणि तिथला धूपप्रतिबंधक बंधारा हा शहराच्या राजकारणाचा कायमचा विषय झाला आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी ‘बसरा स्टार’ हे जहाज भरकटत येऊन याच किनाऱ्यावर अडकले होते. अशा ठिकाणी ओहोटीच्या वेळी प्लॉट पाहणे म्हणजे अर्धाच प्लॉट पाहणे होय. कोकणात तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची ढोबळ वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे: चतुर्थीला साधारण तीन वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. पावसाळ्यातील एखाद्या अमावास्येला त्या सुमारास जागेवर जाऊन उभे राहावे. उधाणाचे पाणी रस्त्यावर कुठवर येते, गटारातून उलटे चढते का, आणि शेजारच्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) चिऱ्यांवर ओलाव्याची रेषा किती उंचीवर आहे, हे त्या तासाभरात जेवढे कळते तेवढे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

दुसरी बाब खाऱ्या वाऱ्याची. नव्या इमारतीचा रंग पाहून काहीच कळत नाही. त्याच आळीतील दहा-बारा वर्षांची इमारत शोधावी आणि तिच्या पार्किंगमध्ये जाऊन वर पाहावे. स्लॅबच्या तळाला सळ्यांच्या रेषेत तपकिरी ओघळ दिसत असतील, गिलाव्याला केसाएवढ्या चिरा असतील, किंवा कुठे काँक्रीटची खपली पडून गंजलेली सळी उघडी पडली असेल, तर त्या भागातील हवा आणि त्या भागातील बांधकामाचा दर्जा या दोन्हींचा अंदाज एकदमच येतो. खिडक्यांचे गज, जिन्याचा कठडा आणि एसीच्या बाहेरच्या युनिटचे स्टँड ही तर सहज दिसणारी साक्ष आहे. किनाऱ्यापासून थोडे आत, एखाद्या टेकाडाच्या किंवा दाट झाडीच्या आडोशाला गेले की हा त्रास लक्षणीय कमी होतो. तेव्हा मांडवी किंवा ‘पांढरा समुद्र’ या किनाऱ्यांवरील पहिल्या ओळीपेक्षा चार आळ्या मागे असलेले घर वाईट ठरत नाही.

पावसाची दिशाही इथेच पाहून घ्यावी. मोसमी पाऊस नैऋत्येकडून येतो आणि वाऱ्यासह आडवा मारतो. जुन्या घरांना त्यासाठी खोल पडवी, खाली उतरलेले छप्पर आणि पावसाळ्यात बांधायच्या झडी असत. आताच्या इमारतींत सपाट भिंती, लहान छज्जे आणि पश्चिमेला मोठी काच असते. ती काच विकताना देखाव्याची असते आणि जुलैत ओल्या भिंतीची होते.

सीआरझेड फक्त वाळूपुरता आहे असे समजणे

हा गैरसमज शिकलेल्या माणसांतही आढळतो. किनारपट्टी नियमन क्षेत्राचे (सीआरझेडचे) नियम खाडीलाही लागू असतात, आणि रत्नागिरीच्या दक्षिणेला काजळी नदीची खाडी थेट भाट्ये व राजिवड्यापाशी समुद्राला मिळते. 18 जानेवारी 2019 च्या अधिसूचनेनुसार खाडीकाठी भरतीरेषेपासून 50 मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतके अंतर, यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा या क्षेत्रात येतो. 2011 च्या अधिसूचनेत हेच अंतर 100 मीटर होते. त्यामुळे खाडीकाठच्या इमारतीची परवानगी कोणत्या साली आणि कोणत्या नियमांखाली मिळाली, हे विचारणे आवश्यक ठरते. ‘इथे सगळ्यांनीच बांधले आहे’ हे उत्तर परवानगीच्या कागदाऐवजी स्वीकारू नये. शहरी भागात आधीपासून असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडील बाजूला बांधता येते, तर ग्रामीण भागात नियम अधिक कडक आहेत. म्हणून एकाच खाडीच्या दोन काठांवर दोन वेगळे निकाल लागू शकतात. मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यावर आपला सर्व्हे नंबर कुठे पडतो, ते नगररचना कार्यालयातून लेखी घ्यावे.

खाजणात (खाडीकाठच्या दलदलीच्या जमिनीत) भराव घालून तयार केलेल्या प्लॉटबद्दल तर वेगळे सांगायला नको. जमीन सपाट, रस्त्याला लागून आणि आश्चर्यकारक स्वस्त असेल, तर ती आधी काय होती हे आसपासच्या वयस्क माणसांना विचारावे. ते सांगतात, आणि बहुधा न विचारताच सांगतात.

नदी आणि पऱ्ये नकाशावर न शोधणे

22 जुलै 2021 रोजी चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्यात बुडाली तेव्हा कोकणाने एक धडा पुन्हा घेतला: मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की नदीच्या पाण्याला समुद्रात वाट मिळत नाही आणि ते गावात पसरते. रत्नागिरी तालुक्यात काजळीच्या काठी चांदेराईची बाजारपेठ जोरदार पावसात पाण्याखाली जाते, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो: साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आतील जागा घ्यायचीच नसते. दोन रेषांमधील जागेवर बांधकामाच्या अटी असतात.

नदीपेक्षा फसवे असतात ते पऱ्ये, म्हणजे पावसाळी ओढे. डिसेंबरात जो कोरडा, झुडपांनी भरलेला खड्डा दिसतो, तो जुलैत वाहतो. कॉलनी आखताना असा पऱ्या पाइपात घातलेला असेल तर पाइपाचा व्यास पाहावा आणि मग या जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे आठवावे. उतार कापून बांधलेल्या इमारतींच्या मागची संरक्षक भिंतही अशीच बारकाईने पाहावी. तिच्यात पाणी निचरण्याची भोके नसतील, किंवा ती भोके असूनही मातीने बुजली असतील, तर भिंतीमागे साचणारे पाणी एखाद्या पावसाळ्यात ती भिंत ढकलून देऊ शकते.

पाण्याचा प्रश्न जानेवारीत विचारणे

एवढा पाऊस पडणाऱ्या मुलखात पाण्याचा प्रश्न कसला, असे बाहेरच्या माणसाला वाटते. कारण पायाखालच्या जांभ्यात आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून झटपट झिरपते आणि उताराच्या पायथ्याला झऱ्यांच्या रूपाने निघून जाते. त्यामुळे सड्यावरच्या (जांभ्याच्या उंच पठारावरच्या) विहिरी मार्चनंतर तळ दाखवू लागतात, आणि बोअर कितीही खोल मारली तरी पाणी लागेलच असे नाही. याउलट खाडी-समुद्राजवळच्या विहिरींना पाणी असते, पण उन्हाळ्यात उपसा वाढला की ते मचूळ होऊ लागते. म्हणजे उंचावर पाणी नाही आणि सखल भागात गोडे पाणी नाही, अशी दोन टोके एकाच शहरात भेटतात.

शहराला प्रामुख्याने शीळ धरणातून पाणी मिळते, आणि धरणातला साठा घटला की पुरवठ्यात कपात होते. मात्र हा पुरवठा नगरपरिषदेच्या हद्दीतला. कुवारबाव, नाचणे, शिरगाव, मिरजोळे या शहराला चिकटलेल्या भागांत ग्रामपंचायती आहेत. तिथली पाण्याची व्यवस्था वेगळी असते, आणि नवी इमारत पुष्कळदा बोअर आणि टँकर यांच्या आधारावर उभी असते. जाहिरातीत मात्र सगळीकडे ‘रत्नागिरी शहरात’ असेच लिहिलेले असते.

तपासणी सोपी आहे. तयार इमारत असेल तर सोसायटीच्या गेल्या दोन वर्षांच्या हिशेबात टँकरचा खर्च किती आणि कोणत्या महिन्यांत झाला ते पाहावे. हिशेब दाखवायला टाळाटाळ होत असेल तर तेही उत्तरच समजावे. स्वयंपाकघरातील नळाचे पाणी चाखावे, हातावर साबण घेऊन फेस होतो का ते पाहावे, आणि शक्यतो हे काम अक्षय्य तृतीयेनंतर करावे. बोअर आणि शोषखड्डा यांच्यातील अंतरही विचारावे. शहराभोवतीच्या वस्त्यांत सांडपाणी सेप्टिक टँकमध्येच जाते. जांभ्यातून पाणी जसे झटपट झिरपते तसे सांडपाणीही झिरपते, आणि लहान प्लॉटवर दोन्ही गोष्टी जवळजवळ आल्या की पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याचा भरवसा राहत नाही.

हद्दीच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ग्रामपंचायत हद्दीत घरपट्टी कमी पडते हे खरे, पण कचरा कोण उचलतो, आतल्या रस्त्यावरचे दिवे कोण लावतो, आणि तो रस्ता ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदलेला आहे की अजून मूळ मालकाच्या सातबाऱ्यावर आहे, याची उत्तरे घर घेण्यापूर्वी मिळायला हवीत. कोकणात जमिनी सामायिक असतात आणि सहहिस्सेदार मुंबईपासून बडोद्यापर्यंत पसरलेले असतात. कॉलनीचा एकमेव रस्ता अशा एखाद्या जमिनीतून जात असेल आणि वहिवाटीचा हक्क कागदावर नसेल, तर दहा वर्षांनी कुणीतरी येऊन तिथे गडगा घालतो. हे कल्पनेतले उदाहरण नाही. दिवाणी न्यायालयांत असे दावे पुष्कळ असतात.

पुढे होणाऱ्या गोष्टींचे पैसे आज देणे

मिऱ्या-नागपूर महामार्गाच्या रुंदीकरणाने साळवी स्टॉपपासून कुवारबावमार्गे हातखंबा तिठ्यापर्यंतच्या पट्ट्याला भाव आणला, रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या नावाने खाड्यांपलीकडच्या गावांना आणला, आणि विमानसेवेच्या बातमीने मिरजोळ्याला आणला. यातील जे झाले आहे त्याचे पैसे द्यावेत. जे होणार आहे त्याचे देऊ नयेत. मुंबई-गोवा महामार्गाची वाट पाहिलेल्या माणसाला हे जास्त समजावून सांगावे लागू नये.

एका ऋतूत परिसर पाहणे

मिरकरवाडा हे राज्यातील मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे त्या काळात बंदरालगतचे घर पाहणाऱ्याला शांत, जवळजवळ निर्जन वस्ती दिसते. ऑगस्टपासून पहाटे बर्फाच्या गाड्या, लिलावाचा गलका आणि अरुंद रस्त्यावरची कोंडी सुरू होते. ताजी मासळी हाकेच्या अंतरावर मिळते हा फायदा निर्विवाद आहे. फक्त तिचा वासही तेवढ्याच अंतरावर असतो. तसेच थिबा पॅलेस किंवा मारुती मंदिर परिसरात सणावारी आणि पर्यटनाच्या हंगामात वाहने कुठे उभी राहतात, ते एकदा पाहून ठेवावे.

निवृत्तीनंतर राहायला येणाऱ्यांनी रेल्वे स्थानकापेक्षा रुग्णालयाचे अंतर आधी मोजावे. स्थानक शहरापासून दूर, कुवारबावच्या बाजूला आहे. पण गाडी महिन्यातून एकदा लागते. पाखाडीच्या पायऱ्या उतरून जावे लागणारे घर पन्नाशीत रम्य वाटते, सत्तरीत त्या पायऱ्यांवर शेवाळ असते.

विसार दिल्यानंतर अडचण लक्षात आली तर

इथे सुधारता येण्याजोगे दोष आणि न सुधारणारे दोष वेगळे करावेत. गंजणारे गज बदलून 316 दर्जाचे स्टेनलेस स्टील किंवा यूपीव्हीसीच्या खिडक्या बसवता येतात, पश्चिमेला छज्जा वाढवण्याची रीतसर परवानगी मागता येते, जमिनीखालची टाकी मोठी करता येते, छपराचे पाणी विहिरीत सोडता येते. जमिनीची उंची, पऱ्याचा मार्ग, खाडीपासूनचे अंतर आणि नसलेला रस्ता यांत बदल करता येत नाही. त्यांपैकी काही आढळल्यास विसाराची रक्कम गेली तरी मागे फिरणे स्वस्त पडते. इमारत महारेरात (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात) नोंदलेली असेल तर मंजूर आराखडा, प्रवेशरस्ता आणि चालू वाद यांची माहिती प्रकल्पाच्या संकेतस्थळावरील पानावर द्यावी लागते; ती माहिती आणि तोंडी सांगितलेली माहिती जुळत नसल्यास त्या पानाची तारखेसह छापील प्रत काढून ठेवावी आणि खरेदीखताची पुढची तारीख घेण्यापूर्वी ती वकिलाकडे द्यावी. प्लॉट असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्यावी, आणि मोजणीच्या दिवशी लगतच्या जमीनधारकांना नोटीस पोहोचली आहे याची खात्री करावी, कारण हद्दीचा आणि वाटेचा जो काही वाद दबलेला असेल तो त्याच दिवशी बोलून दाखवला जातो.